गेटपर्यंत गेलेला निरोप

बेंगळूरला, आमच्या बनशंकरीच्या बसस्टॉपवर कुणी विचारलं, ‘तुमची स्मृती काय करते सध्या?’ की मी सांगायची, ‘निवडते आहे.’ मग सगळं सांगावं लागायचं. एका एअरलाइनच्या कॅडेट पायलट कोर्सला तिची निवड झाली होती. आणि लष्करात अधिकारी व्हायला चेन्नईच्या अकादमीतही झाली होती. हजर व्हायचं होतं दोन्हीकडे एकाच आठवड्यात. ऐकणारे म्हणायचे, नशीबवान पोरगी, पुढ्यात दोन-दोन ताटं वाढलेली. मी म्हणायची, हो, भूक तेवढी नाही.

स्मृती माझ्या धाकट्या भावाची, विठोजीची, एकुलती एक मुलगी. मी भाग्यलक्ष्मी, तिची आत्या. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, कानाला हेडफोन लावून निम्म्या कर्नाटकाचे ट्रंक कॉल जोडून दिले. कुणाचं बाळंतपण, कुणाचं मरण, सगळं माझ्या कानावरून गेलं. आता पेन्शन घेते आणि भावाच्या घरात वरच्या मजल्यावर राहते. तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात. ते खोटं नाही.

आमचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी तलवार घेऊन इकडे आले, असं आमच्यात प्रत्येक लग्नात कुणीतरी माइकवरून सांगतं. तलवार कुणी पाहिलेली नाही. घरात आहे ती एक जुनी स्कूटर, आणि पीण्या औद्योगिक वसाहतीत विठोजीची एक शेड, तीन लेथ मशीन आणि एक ग्राइंडर. पण ते तलवारीचं वेड विठोजीच्या डोक्यातून गेलं नाही. तरुणपणी तो भरतीला गेला होता. पायाचे तळवे सपाट निघाले म्हणून पहिल्याच दिवशी परत पाठवला. त्यानंतर घरात कुणी अनवाणी फिरलं तरी तो पायांकडे बघायचा. स्मृती पाळण्यात होती तेव्हा त्यानं तिचे तळवे दिव्यापुढे धरून पाहिले होते.

स्मृतीला मात्र लहानपणापासून विमानाचं होतं. ते तिच्या आईनं लावलेलं. माझी भावजय पद्मावती, कधी विमानात बसली नाही. रविवारी पोरीला घेऊन दोन बस बदलून जक्कूरला जायची. तिथं छोटी विमानं उतरतात. कुंपणाबाहेर चादर पसरायची, डब्यातलं चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, काढायची आणि दोघी मान वर करून बसायच्या. मी एकदा गेले होते. ऊन फार होतं. मी म्हटलं, ‘यात बघायचं काय गं?’ तर पद्मावती म्हणाली, ‘अक्का, उतरताना स्वल्प घाबरतंय बघा ते. मग टेकतंय. मला ते बघायला आवडतंय.’

मोठी झाल्यावर स्मृतीनं दोन्हीकडे अर्ज केले. एक आईचं स्वप्न, एक बापाचं. एअरलाइनच्या परीक्षा आधी झाल्या आणि उत्तर रेंगाळलं. मग लष्कराच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. ती मुलाखत साधी नसते, पाच दिवस आत राहायचं. पहिल्या दिवशी फोन काढून घेतात, छातीवर नंबर बांधतात, आणि शेवटच्या दिवशी घेतलं की नाही ते सांगतात. वयाच्या हिशेबानं तिची ती शेवटची खेप होती. आणि केंद्र कुठलं, तर आमचंच बेंगळूर. घरापासून रिक्षानं जायच्या अंतरावर.

तिची तयारी आमच्या स्वयंपाकघरात झाली. त्या परीक्षेत एक प्रकार असतो. एक प्रसंग देतात, आणि तुम्ही काय कराल ते चटकन एका ओळीत लिहायचं. जंगलात वाट चुकलात. बोट उलटली. मित्रानं चोरी केली. मी प्रसंग वाचायची, स्मृती ओट्याला टेकून उत्तर द्यायची, पद्मावती तव्यावर तांदळाच्या पिठाची अक्की रोटी थापता थापता निकाल द्यायची. विठोजी दारात चहा घेऊन उभा असायचा. एकदा प्रसंग निघाला : तुम्ही परीक्षेला निघाला आहात आणि आई अचानक आजारी पडली. स्मृतीनं घडाघडा सांगितलं, ‘शेजाऱ्यांना बोलावीन, आईला दवाखान्यात पोचवीन आणि परीक्षेला जाईन.’

पद्मावती म्हणाली, ‘बरोबर आहे. मला तिकडं टाक आणि तू जा. माझ्यासाठी थांबलीस तर बघ.’ आणि हसली. आम्ही सगळेच हसलो. रोटी करपली त्या नादात.

पुढे जे झालं ते या हसण्यावरून झालं.

स्मृती आत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पद्मावती वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली आणि तिथंच बसली. मी वर होते म्हणून लगेच पोचले. ‘अक्का, छातीत कसंतरी होतंय,’ एवढं म्हणाली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्या माणसाला कधी साधी सर्दी झालेली मी पाहिली नव्हती.

घरी आणलं. माणसं जमली. मी विठोजीला म्हटलं, ‘पोरीला बोलव.’ त्यानं नकाराची मान हलवली. मी परत म्हटलं, ‘गेटवर जाऊन सांग. सोडतील. माणसंच आहेत ती.’

‘अक्का, शेवटची खेप आहे तिची,’ तो म्हणाला. ‘बाहेर आली की गेलं.’

‘जाऊ दे गेलं तर. आई आहे तिची.’

तेव्हा तो म्हणाला, ‘तिनंच सांगितलंय. तुमच्यासमोर सांगितलंय. मला टाक आणि तू जा म्हणाली की नाही?’

मला आधी कळेचना तो कशाबद्दल बोलतोय. मग कळलं. एका थट्टेतल्या वाक्याला या माणसानं मरणाऱ्याची इच्छा करून टाकलं होतं. मी म्हटलं, ‘ती रोटी थापत होती, विठ्या.’ तो म्हणाला, ‘बोलली ते बोलली.’ मी म्हटलं, बरं, मग फ्रीजरची पेटी आणू, पोरगी येईपर्यंत ठेवू. तर जमलेली वडीलधारी मंडळी मध्ये पडली. इतके दिवस प्रेत घरात? शेजारीपाजारी काय म्हणतील? आणि अग्नी द्यायला शंभूराज आहेच की.

शंभूराज म्हणजे आमच्या मधल्या भावाचा मुलगा, सर्जापूर रोडला कंप्युटरच्या ऑफिसात असतो. आमच्यात मुलगा नसला की पुतण्या अग्नी देतो. तो अर्ध्या तासात येऊन उभा राहिला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते, स्मृतीच्या जागी मुलगा असता तर विठोजीला ते रोटीचं वाक्य आठवलं नसतं. अग्नीसाठी तरी बोलावला असता त्याला, परीक्षा गेली खड्ड्यात म्हणून. मुलगी होती. तिच्यावाचून काही अडत नव्हतं.

नंतर शंभूराजनं मला एक गोष्ट सांगितली. सकाळी तिरडी बांधायच्या आधी विठोजी त्याला म्हणाला, चल. स्कूटरवर दोघं त्या केंद्राच्या गेटपर्यंत गेले. पहाऱ्यावरच्या जवानानं विचारलं, ‘किससे मिलना है?’ विठोजीनं गेटच्या आत बघितलं. मग ‘कुछ नहीं’ म्हणाला आणि स्कूटर वळवली. गेटच्या आत मैदानावर मुली ओंडके उचलत होत्या म्हणे. त्यात स्मृती होती की नाही ते शंभूराजला दिसलं नाही.

मी आयुष्यभर परक्यांचे कॉल जोडले. घरातला एक जोडता आला नाही.

शेवटच्या दिवशी स्मृती पास होऊन बाहेर आली. फोन हातात मिळाल्या मिळाल्या आईला लावला, तो बंद. मला लावला, तर विठोजीनं मला उचलू दिला नाही, फोनवर नको म्हणाला. तेवढं मी ऐकलं त्याचं. ती रिक्षानं आली. येताना चौकात उतरून आईसाठी मल्लिगेचा, मोगऱ्याचा, गजरा घेतला होता. दारातून आत आली तेव्हा समोर शंभूराज बसला होता, डोक्याचा गोटा केलेला. कोपऱ्यात पिठावर दिवा ठेवलेला. तिनं दिव्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, मग पुन्हा दिव्याकडे. कुणी काही बोललं नाही. विठोजी उठून आतल्या खोलीत गेला. मी तिला जवळ घेतलं तर ती लाकडासारखी ताठ. गजरा कुठं ठेवू, म्हणाली. मी तो घेतला आणि दिव्यापाशी ठेवला.

ती रडली नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, श्रीरंगपट्टणला अस्थी सोडताना नाही. बायका म्हणाल्या, फौजी झाली आतापासूनच. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पोरगी धीराची नव्हती, सुन्न होती. वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर तशीच बसायची. लष्कराच्या वैद्यकीय तपासणीला गेली, सगळं ठीक निघालं. डॉक्टरनं विचारलं म्हणे, झोप लागते का? तिनं सांगितलं, हो. ते खरं होतं. नुसती झोपायची.

महिने गेले. मीही तशीच होत गेले. आधी विठोजीचा राग यायचा, रोज नवा. पुढे पुढे तोही येईना. सकाळी तिघं चहा घ्यायचो, कुणी साखर कमी म्हणायचं नाही, जास्त म्हणायचं नाही. चहा पद्मावतीसारखा होत नव्हता एवढं तिघांना ठाऊक होतं.

अशात एअरलाइनचं ते रेंगाळलेलं उत्तर आलं. निवड झाली आहे, अमक्या तारखेला या. आणि चारच दिवसांत चेन्नईचंही आलं. मी स्मृतीला विचारलं, ‘काय करणार?’

‘बघू,’ म्हणाली.

‘तुला काय पाहिजे ते सांग की.’

ती म्हणाली, ‘आत्या, प्रसंग दिला असता तर लगेच लिहिलं असतं. दोन्हीकडे निवड झाली आहे, काय कराल. चांगलं उत्तर येतंय मला. पण ते माझं नाही वाटत.’

विठोजीला प्रश्नच पडला नव्हता. पायलटच्या कोर्सचा खर्च मोठा होता, पण पैशाची सोय तो करून ठेवून होता, तेव्हा ती अडचण नव्हती. अडचण दुसरीच होती आणि ती मला दिसत होती. पोरगी लष्करात गेली तर त्या सकाळी गेटवरून मागे वळला ते सार्थकी लागणार होतं. नाही गेली तर तो नुसताच एका आईला पोरीवाचून जाळून आलेला माणूस. तो हे बोलायचा नाही. ‘घराण्याचं नाव’ वगैरे बोलायचा. आणि त्यानं ट्रंक करायला घेतली.

अकादमीत जाताना काळी पत्र्याची ट्रंक लागते, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव. बाजारात मिळते. पण यानं पीण्याच्या शेडमध्ये स्वतः पत्रा कापला, कोपरे वळवले, बिजागऱ्या बसवल्या. लेथवर काम करणारा माणूस, पत्र्याचं काम त्याचं नव्हे. दोन वेळा चुकला आणि दोन वेळा परत केलं. कामाच्या ऑर्डरी बाजूला पडून होत्या.

लष्कराला होय की नाही ते कळवायचा शेवटचा दिवस आला. सकाळी स्मृती मला म्हणाली, ‘आत्या, अप्पांचा डबा आपण नेऊ या.’ डबा नेहमी पद्मावती पाठवायची. ती गेल्यापासून विठोजी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात, काहीतरी खाऊन घ्यायचा. मी भात, त्यावर ओतायला पातळ सारू आणि पापड घेतला. आम्ही बसनं पीण्याला गेलो.

जेवणाची सुट्टी होती. मशीन बंद होती, कामगार बाहेर झाडाखाली डबे उघडून बसले होते. विठोजी जमिनीवर उकिडवा बसून ट्रंकेवर नाव घालत होता. ‘स्मृती’ लिहून झालं होतं, पुढचं राहिलं होतं. आम्हाला बघून त्यानं ब्रश खाली ठेवला.

‘मधे रँक लागते का नावात, ते विचारायचं होतं तुला,’ तो म्हणाला.

स्मृती त्याच्यासमोर खाली बसली. ट्रंकेवरून हात फिरवला तिनं. बिजागरी उघडून बघितली, लावली. ‘चांगली झालीय,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘अप्पा, मला अजून कुणी सांगितलं नाही.’

‘काय?’

‘आई गेली ते. मी घरी आले, दिवा बघितला. सांगितलं कुणीच नाही.’

विठोजीनं माझ्याकडे बघितलं. मी खांबाला टेकून उभी होते. मी काही त्याला सोडवणार नव्हते.

‘शंभूराज म्हणाला, तुम्ही गेटवर आला होतात,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही, नेहमीसारखाच सपाट. ‘तुम्ही सांगितलं असतं तर मी आले असते. नंबर काढून दिला असता आणि आले असते. मग हे आर्मीचं राहिलंच नसतं. विमानाचं तेवढं राहिलं असतं.’

‘तुझी आईच म्हणाली होती—’

‘आई रोटी करत होती, अप्पा.’

तेच मी त्याला त्या संध्याकाळी सांगितलं होतं. माझं त्यानं ऐकलं नव्हतं.

स्मृती म्हणाली, ‘मला काय पाहिजे ते मला कळत नाही. विमान पाहिजे की नाही तेही आता नक्की सांगता येत नाही. कधीतरी कळेल. पण त्या दिवशी मी काय केलं असतं ते मला नक्की ठाऊक आहे. तेवढंच एक ठाऊक आहे. म्हणून मी तेच करते. तुम्ही आता सांगा.’

‘आता काय सांगू?’

‘गेटवर काय सांगणार होतात ते.’

बाहेर कामगारांचं बोलणं ऐकू येत होतं, कुणाच्या तरी गाडीचं काही. विठोजीचे हात मांडीवर होते, बोटांना पांढरा रंग. मला वाटलं, हा पुन्हा ‘कुछ नहीं’ म्हणणार. माझा इतक्या महिन्यांचा राग तेव्हा एकदम परत आला, आणि त्याच्याबरोबर त्याची कीवही आली, आणि मला बरं वाटलं की काहीतरी येतंय.

मग तो म्हणाला, ‘स्मृती, आई गेली गं. कपडे काढायला गच्चीवर गेली होती. काल संध्याकाळी.’ काल म्हणाला तो. ‘तुझ्यावाचून न्यायचं नाही मला तिला. चल घरी.’

‘सरी, बरं अप्पा,’ स्मृती म्हणाली. ‘येते मी.’

तिनं फोन काढला. लष्कराला ‘येत नाही’ असं कळवायचं उत्तर तिनं लिहून ठेवलेलंच होतं. ते पाठवलं आणि फोन खाली ठेवला. विठोजी बघत होता. अडवलं नाही त्यानं. मग ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले, कामगारांना ‘आज बंद करा’ म्हणून कन्नडमध्ये सांगितलं आणि स्कूटर बाहेर काढली. ती त्याच्या मागं बसली. गेटातून बाहेर पडताना तिनं त्याच्या पाठीला कपाळ टेकलं आणि तिचे खांदे हलायला लागलेले मला दिसले. त्यालाही कळलं असणार, कारण त्यानं स्कूटर अगदी हळू घेतली.

डबा तसाच राहिला होता. मी तो उचलला आणि बस धरून घरी आले.